मालकीची मोळी आणि जंगलाची राखण

शेत एकाचे आणि त्यातून जाणारी वाट शेजाऱ्याची, हे आपल्या गावांत नेहमी दिसते. शेत विकले गेले तरी वाटेचा हक्क नव्या मालकाला पाळावा लागतो. कायद्यात याला सुविधाधिकार म्हणतात. म्हणजेच मालकी ही एकसंध वस्तू नाही. ती हक्कांची मोळी आहे. पीक घेणे, झाड तोडणे, विहीर खणणे, घर बांधणे, जमीन विकणे या तिच्यातल्या काठ्या. एखादी काठी काढून दुसऱ्याला दिली, तरी बाकीची मोळी मालकाकडेच राहते.

अमेरिकेत या कल्पनेचा उपयोग निसर्ग राखण्यासाठी केला जातो. तेथील बरेचसे जंगल खासगी मालकीचे आहे आणि ते सगळे विकत घेणे सरकारला परवडणारे नाही. म्हणून मालक जमिनीवर घरे बांधण्याचा व तिचे तुकडे पाडण्याचा हक्क तेवढा सोडून देतो आणि त्या अटीवर देखरेख ठेवण्याचा अधिकार एखाद्या विश्वस्त संस्थेला देतो. या कराराला आपण संवर्धन सुविधाधिकार म्हणू. तो नोंदवला जातो आणि सहसा वारसांवर व पुढील खरेदीदारांवरही कायमचा बंधनकारक असतो.

तुकडे पडण्याला एवढे महत्त्व का? एक साधे गणित करून पाहू. एक किलोमीटर लांब व तेवढेच रुंद, म्हणजे १०० हेक्टरचे जंगल घ्या. कडेच्या १०० मीटर पट्ट्यात ऊन, वारा व कोरडेपणा शिरतो असे धरू. मग आतले खरे जंगल उरते ६४ हेक्टर. आता रस्त्यांनी या जंगलाचे चार सारखे भाग केले, तर प्रत्येकाच्या आत ९, म्हणजे एकूण ३६ हेक्टर उरतील. रस्त्यांखाली गेलेली जागा नगण्य मानली, तरी गर्द जंगलात राहणाऱ्या जीवांचे घर जवळजवळ निम्मे झाले!

मेन राज्यात २००१ साली पिंग्री घराण्याच्या ७,६२,१९२ एकर जंगलाबाबत असा करार झाला. गोव्याच्या क्षेत्रफळाच्या ८० टक्क्यांहून हे जंगल मोठे आहे. न्यू इंग्लंड फॉरेस्ट्री फाउंडेशनने त्यासाठी सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर, म्हणजे एकरी साधारण ३७ डॉलर मोजले. जंगल त्या घराण्याकडेच राहिले, लाकूडतोडही चालू राहिली; मात्र तेथे वसाहती उभ्या राहणार नाहीत.

अनेक मालक हा हक्क दान देतात आणि त्याबद्दल आयकरात सवलत मिळवतात. जमिनीची किंमत करारापूर्वी १० लाख डॉलर व करारानंतर ४ लाख असेल, तर दान ६ लाखांचे ठरते. गोम इथेच आहे. काही गुंतवणूकदारांनी एकत्र येऊन स्वस्त जमिनी घेतल्या, 'करारापूर्वीची' किंमत फुगवून दाखवली आणि मोठी करसवलत लाटली. अखेर २०२२ च्या डिसेंबरमध्ये कायदा करून अशा सवलतीला, सर्वसाधारणपणे, गुंतवणुकीच्या अडीच पटींची मर्यादा घालण्यात आली.

दुसरा प्रश्न विज्ञानाचा आहे. करार कायमचा असतो, निसर्ग मात्र बदलत असतो. हवामान तापले की अनेक जाती थंड प्रदेशाकडे सरकतात. कागदावरची हद्द सरकत नाही. शिवाय संस्थेला जमिनीची नियमित पाहणी करावी लागते. राखणदार नसेल तर कराराचा कागद कपाटातच राहतो.

हा मार्ग भारतात जसाच्या तसा चालत नाही. आपल्या १८८२ च्या कायद्यानुसार सुविधाधिकार दुसऱ्या एखाद्या जमिनीच्या उपभोगासाठीच असावा लागतो. जमीन नसलेल्या संस्थेला तो घेता येत नाही. अमेरिकेतही जुन्या कायद्यामुळे अशीच अडचण येत असे. १९८१ च्या नमुना कायद्याने ती सोडवण्याचा मार्ग दाखवला आणि अनेक राज्यांनी तो स्वीकारला.

वर्गात एक उपक्रम घेता येईल. मुलांना गावातील एखाद्या शेताबद्दल विचारायला सांगा: वाट कोणाची, विहिरीचे पाणी कोणाचे, बांधावरच्या आंब्याची फळे कोणाची? उत्तरांतून मालकीची मोळी आपोआप सुटी होईल. मग विचारा, यातली कोणती काठी बाजूला काढून ठेवली तर ओढ्याकाठची झाडे वाचतील आणि त्या काठीची राखण कोण करील?