वारा अंगाला लागतो

नांदेडला विष्णुपुरीकडे किंवा लातूरला औसा रोडवर पहाटे हेल्मेट घातलेल्या सायकलस्वारांचा घोळका दिसणं आता नवलाईचं राहिलेलं नाही. घोळका चहाला थांबला की विषय ठरलेला: नवी रोडबाईक कोणती घ्यायची? आणि दर वेळी कुणीतरी छातीठोकपणे सांगतो, "एअरो फ्रेम घे. ती वारा कापते." ऐकणारा वर्षभराची बचत त्या फ्रेमवर घालतो. मग तिच्यावर खांदे वर, कोपरं ताठ आणि छाती पुढे करून बसतो. वारा जिथल्या तिथे राहतो.

सायकल वारा कापते हा समज इतका घट्ट बसला आहे की तो आधी सोडवायला हवा. सपाट रस्त्यावर ताशी पंधरा-सोळा किलोमीटरपर्यंत टायरचं घर्षण हा मोठा खर्च असतो. त्यापुढे हवेचा अडथळा त्याला मागे टाकतो आणि झपाट्याने वाढत जातो. वेग दुप्पट केला तर हवेला सारण्यासाठी लागणारी ताकद आठपट होते. या अडथळ्यातला ७० ते ८० टक्के वाटा माणसाच्या अंगाचा असतो: डोकं, खांदे, छाती, हात, वरखाली होणाऱ्या मांड्या. उरलेल्यात चाकं, हँडल, बाटल्या आणि फ्रेम. म्हणजे ज्या नळ्यांच्या आकारासाठी जास्तीचे पैसे मोजायचे, त्यांच्या वाट्याला हवेचा अगदी लहान भाग येतो.

हिशेबच मांडू. लोहा, अहमदपूर, चाकूर करत नांदेडहून लातूर साधारण १४० किलोमीटर धरा. रस्ता सपाट, हवा स्थिर, स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो, पायांतली ताकद सलग १०० वॅट, म्हणजे नियमित सायकल चालवणाऱ्याला पेलेल एवढी. विंड टनेलमध्ये निरनिराळ्या बैठकींचे जे सर्वसाधारण आकडे मिळतात ते वापरले, तर ताठ बसणारा ताशी साडेबावीस किलोमीटरने जातो आणि त्याला जवळजवळ सव्वासहा तास लागतात. तोच माणूस ब्रेकच्या हूड्सवर, म्हणजे ब्रेकच्या वरच्या रबरी पकडीवर, हात ठेवून, कोपरं वाकवून, पाठ पुढे झुकवून बसला तर ताशी पंचवीसने जातो आणि ५ तास ३५ मिनिटांत लातुरात असतो. ड्रॉप्स, म्हणजे हँडलचा खाली वळलेला भाग, धरून टिकला तर आणखी सतरा मिनिटं आधी. पायांत एका वॅटचीही भर नाही, खिशातून रुपया गेलेला नाही.

आता एअरो फ्रेम. जाहिरातीतले आकडे बहुधा ताशी ४५ किलोमीटरसारख्या वेगाला मोजलेले असतात. त्या वेगाला फ्रेमने १५ वॅट वाचवले असं मान्य करू. ताशी २५ किलोमीटरला तीच बचत तीन वॅटसुद्धा भरत नाही. नांदेड-लातूर प्रवासात ती चार मिनिटांच्या आसपास. बैठकीने वाचवलेली मिनिटं अडतीस, फ्रेमने वाचवलेली चार. शर्यतीत सेकंदांवर निकाल लागतो, तिथे या चार मिनिटांनाही मोल आहे. पण पहिली रोडबाईक घेणाऱ्याला "वारा कापते" सांगून ती विकणं म्हणजे त्याची फसवणूक आहे, सांगणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

याला एक ठरलेलं उत्तर येतं: "आम्ही काय रेस मारतो का? हळू चालवणाऱ्याला हवेशी काय देणंघेणं?" हिशेब उलटा आहे. १५० वॅट लावणाऱ्या ताकदवान गड्याने ताठ बैठक सोडून हूड्सवरची धरली तर त्याचा साधारण अर्धा तास वाचतो. १०० वॅटवाल्याची मात्र अडतीस मिनिटं वाचतात, कारण तो रस्त्यावर जास्त वेळ असतो. शिवाय समोरून वारा आला की सायकलचा वेग आणि वाऱ्याचा वेग यांची बेरीज अंगावर येते. ताशी वीसने चाललेल्या माणसाला समोरून पंधराचा वारा लागला, की हवेपोटी लागणारी ताकद तिपटीला जाते. हे दूधवाल्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. काळ्या, जड, उंच हँडलच्या सायकलीवर दोन्ही बाजूंना कॅन लावून निघालेला माणूस वारा सुटला की आपसूक छाती हँडलवर टेकवतो आणि कोपरं आत घेतो. त्याला विंड टनेल लागत नाही.

बैठकीची ताकद जगाने १९९३ साली पाहिली. स्कॉटलंडच्या ग्रॅहम ओब्रीने घरी बांधलेल्या सायकलीवर, ज्यात धुलाई यंत्रातल्या बेअरिंगचाही उपयोग केला होता, हात छातीखाली दुमडून एका तासात ५१.५९६ किलोमीटर कापले आणि जागतिक विक्रम केला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने त्या बैठकीवर बंदी आणली. मग ओब्रीने हात समोर लांब ताणलेली दुसरी बैठक शोधली. तीच घेऊन ख्रिस बोर्डमनने १९९६ मध्ये मँचेस्टरला ५६.३७५ किलोमीटर केले. नियम बदलल्यावर २००० साली त्याच बोर्डमनला जुन्या घडणीच्या सायकलीवर, ड्रॉप हँडल धरून तासाभरात ४९.४४१ किलोमीटर जमले. यात वयाचा आणि सायकलीचा वाटा आहेच. पण जवळजवळ सात किलोमीटरच्या फरकात सगळ्यात मोठा हात बैठकीचा, यावर जाणकारांत फारसा वाद नाही.

इथपर्यंत पटलं की लगेच दुसरा गैरसमज उभा राहतो, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त इजा करतो: मग हँडल जितकं खाली, तितका वेग जास्त.

नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या फिंटलमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली 'जर्नल ऑफ बायोमेकॅनिक्स'मध्ये याचाच अभ्यास प्रसिद्ध केला. टाइम ट्रायलच्या, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकट्याने मारायच्या शर्यतीच्या, बैठकीत धड जसजसं आडवं होतं, तसतशी हवा कमी अडते, पण मांडी आणि धड यांच्यातला कोन आवळला जाऊन पायांची ताकदही घटते. हवेतली बचत या नुकसानीवर मात करते ती ताशी ४६ किलोमीटरच्या पुढे. पूर्ण आडवं धड कुठेच सर्वोत्तम ठरलं नाही. ताशी ३० किलोमीटरच्या खाली तर धड थोडं उचललेलंच बरं. हे मोजमाप टाइम ट्रायलच्या बैठकींमधलं आहे, तेव्हा यातून कुणी खुर्चीसारखं ताठ बसण्याचा परवाना काढू नये. पण आपल्याकडच्या वेगाला जमिनीला समांतर पाठ हा हट्ट आहे, एवढं त्यातून स्वच्छ दिसतं.

आणि हट्टाची किंमत मान मोजते. धड खाली गेलं की रस्ता दिसण्यासाठी डोकं मागे झुकवून धरावं लागतं, तासन् तास. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' आपल्याकडे महाराष्ट्रातल्या स्वारांमुळे घरोघरी पोचली. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ मध्ये दोघांच्या संघात ती पूर्ण करून आले, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण केली. याच शर्यतीने वैद्यकाला 'शर्मर्स नेक' हा शब्द दिला. १९८३ साली मायकेल शर्मर या स्पर्धकाच्या मानेचे स्नायू इतके थकले की त्याला डोकं उचलून धरता येईना. अशी वेळ हौशी माणसावर येत नाही. पण बधिर बोटं आणि आखडलेली मान घेऊन महिन्याभरात सायकल कोपऱ्यात उभी राहते, हे चित्र कुठल्याही गटात विचारलं तर सापडेल. बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, सहाशेला चाळीस. इतका वेळ जी धरवते तीच खरी वेगवान बैठक.

म्हणूनच फार खाली हँडल असलेली सायकल नवख्याला बहुधा हळू करते. ड्रॉप्सपर्यंत हात पोचतात, पण पाठ तिथे टिकत नाही. मग तो हात उचलून हँडलच्या वरच्या आडव्या भागावर ठेवतो, कोपरं ताठ करतो, आणि छाती पुन्हा वाऱ्याच्या तोंडी. थोड्या उंच हँडलच्या एन्ड्युरन्स सायकलीवर तोच माणूस हूड्स धरून कोपरं वाकवून दोन तास आरामात बसतो आणि हवा कमी अडवतो.

सायकल निवडताना म्हणून आधी दोन आकडे विचारावेत: स्टॅक आणि रीच. पेडलच्या मधल्या आसापासून फ्रेमचं पुढचं टोक किती उंच आहे तो स्टॅक, आणि किती पुढे आहे तो रीच. "तुमची उंची इतकी, म्हणून ५४ साइझ" एवढ्यावर दुकानातून बाहेर पडू नये. एका कंपनीची ५४ आणि दुसरीची ५४ यांत हँडलच्या उंचीचा फरक दोन-तीन सेंटिमीटरचा सहज असतो. स्टेमखाली, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याखाली, स्पेसरच्या चकत्या किती आहेत तेही पाहावं, कारण पुढे शरीर सैल झाल्यावर ते काढून हँडल खाली घेता येतं. उलट दिशेने मात्र फारशी सोय नसते, फोर्कची नळी एकदा कापली की कापली. दुकानात निदान दहा मिनिटं हूड्स धरून, हाताचा पुढचा भाग जवळजवळ आडवा ठेवून बसून पाहावं. गुडघे पोटाला लागले, मान दुखली किंवा हातांवर भार आला, तर ती सायकल आज आपली नाही.

बाकीचे समज थोडक्यात. सायकल एक किलोने हलकी झाली तर नांदेडहून लातूरचा चढ अगदी ३०० मीटर धरला तरी १५० वॅटवाल्याचे त्या चढावर वीसच सेकंद वाचतात. बारीक टायर वेगवान हा समज व्यावसायिक संघांनीच सोडला आहे. ते आता २८ मिलिमीटर आणि त्याहून रुंद टायर वापरतात, आणि काळ्या मातीत दबून लाटा आलेल्या आपल्या रस्त्यांना तर तेच शोभतात. सैल, फडफडणारा शर्ट हवा अडवतो, त्यावर तोडगा अंगाबरोबरची जर्सी. उतारावर फ्रेमच्या नळीवर बसणं २०२१ पासून शर्यतीत बंद आहे आणि आपल्या रस्त्यांवर तर ते जीवघेणंच. "ट्रकमागे लागलं की दम लागत नाही" हे भौतिकशास्त्र म्हणून खरं आहे. पण हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रक धावतात त्या रस्त्यावर, पुढचा खड्डा दिसत नसताना, कुणाच्याही मुलाला हा सल्ला देऊ नये. ओळखीच्या सायकलस्वाराच्या मागे राहूनही तिसऱ्या हिश्श्याइतकी ताकद वाचते, आणि मागे कुणी असलं तर पुढच्याचाही किंचित फायदाच होतो.

पावसाळ्यात मराठवाड्यावरचा वारा बहुतेक पश्चिमेचा, नैऋत्येचा. लातूर नांदेडच्या नैऋत्येला. तेव्हा जून ते सप्टेंबरमध्ये नांदेडहून निघणाऱ्याने पहाटेच निघावं, कारण ऊन चढतं तसा वारा वाढतो. अहमदपूरच्या पुढे माळ उघडा होतो तिथे ड्रॉप्स धरून कोपरं आत घ्यावीत. परतीला तोच वारा पाठीशी असतो. तेव्हा हात हँडलच्या वर घेऊन, मान मोकळी करत, चाकूरपर्यंत आजूबाजूचं सोयाबीन बघत यायला हरकत नाही.