देवाला दहा हात, हौशी सुताराला पाच बिटं

गुहागर तालुक्यातल्या हेदवीला येणारा माणूस दोन गोष्टी पाहतो. टेकडीवरचा दशभुज गणपती आणि खाली किनाऱ्यावरची बामणघळ. भरतीची लाट काळ्या खडकातल्या त्या चिंचोळ्या घळीत घुसते, आत कोंडते आणि फवारा होऊन वर उसळते. पर्यटक मोबाईल सावरत मागे पळतात. सुतारकाम शिकणाऱ्याने मात्र तिथे जरा रेंगाळावं. कठीण जिनसेत अरुंद खाच कशी पडते, याचं एवढं दांडगं प्रात्यक्षिक दुसरीकडे फुकट मिळायचं नाही. हेच काम लाकडात करतो तो राउटर (वायफायवाला नव्हे), आणि त्याच्या तोंडातला दात म्हणजे बिट.

गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्याला माळ्यावर आजोबांचा सागवानी पाट सापडतो, यंदा मखर स्वतःच करायचं खूळ डोक्यात शिरतं आणि पिशवीतून राउटर घरी येतो. सोबत तीस बिटांची चकचकीत पेटी. त्या पेटीत बोट घालण्याआधी ही चटकमटक वाचा.

नावात रानडुक्कर

इंग्रजीतलं ‘राउट’ हे क्रियापद मूळचं डुकराचं. नाकाडाने जमीन उकरणं, हा त्याचा अर्थ. रात्रीतून रानडुक्कर शेताचं काय करतं, हे कोकणातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. चुकीचं बिट लावलेला राउटर फळीचं अगदी तेच करतो.

म्हातारीचा दात आणि न्हाव्याचं यंत्र

विजेआधीचा राउटर हा एक रंधाच होता. मधून एकच पातं खाली डोकावायचं. इंग्रज सुतार त्याला ‘म्हातारीचा दात’ म्हणत. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या सिरॅक्यूज शहरात आर. एल. कार्टर यांनी न्हाव्याच्या विजेच्या केस कापण्याच्या यंत्रातला दातेरी भाग मोटरला जोडून छोटं कापणारं यंत्र बनवलं. ते इतकं चाललं की १९२९ मध्ये स्टॅन्ली कंपनीने त्यांचा धंदाच विकत घेतला. म्हणजे लाकडाची हजामत हा शब्दप्रयोग इथे अगदी शब्दशः खरा.

पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटर नव्हे

बिट घेताना आधी धार बघू नका, दांडा बघा. पाव इंची दांडा ६.३५ मिलिमीटरचा असतो. बाजारात ६ आणि ८ मिलिमीटरचेही दांडे मिळतात, आणि मोठ्या राउटरचा अर्धा इंची, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा. पाव इंची कॉलेटमध्ये (दांडा धरणाऱ्या राउटरच्या जबड्यात) सहाचा दांडा आवळला तर तो पकडल्यासारखा वाटतो आणि चालू मशीनमध्ये हळूहळू खाली सरकतो. तीन मिलिमीटरची खाच पाहता पाहता सहाची होते. फरक अवघा ०.३५ मिलिमीटरचा, पण फळी बाद.

अर्धा इंची दांडा पावच्या दुप्पट जाड, पण ताठपणा सोळापट! मशीन दोन्ही घेत असेल तर मोठ्या बिटाला जाड दांडाच घ्या. बिट बसवताना दांडा तळाला टेकवून दोन-तीन मिलिमीटर वर ओढा, मगच आवळा. तळाला टेकलेला दांडा आवळताना नीट पकडला जात नाही.

‘व्हिडिया’ म्हणजे हिऱ्यासारखा

हार्डवेअरच्या दुकानात “व्हिडियाचं दाखवा” म्हणतात, तो शब्द कुठला? जर्मन! विजेच्या दिव्यातली टंगस्टनची तार ओढायला हिऱ्याचे साचे लागत आणि ते भलतेच महाग पडत. पर्याय शोधताना बर्लिनला ओस्राम कंपनीत कार्ल श्र्योटर यांनी टंगस्टन कार्बाइडची भुकटी आणि कोबाल्ट यांचा कठीण मिलाफ साधला. साल १९२३. पुढे क्रुप कंपनीने तो बाजारात आणला आणि नाव ठेवलं ‘विडिया’. ‘वी दिआमांट’, म्हणजे ‘हिऱ्यासारखा’, याचं ते लघुरूप. दिव्यासाठी केलेला खटाटोप असा सुताराच्या पेटीत येऊन पडला.

साधं हायस्पीड स्टीलचं बिट स्वस्त असतं आणि मऊ लाकडात छान चालतं. पण प्लायवुड आणि एमडीएफमधला गोंद त्याची धार पाहता पाहता खातो. त्यामुळे नवशिक्याने कार्बाइडच्या टोकाचंच घ्यावं. एक पथ्य मात्र पाळा: कार्बाइड कठीण तसंच ठिसूळ. जांभ्याच्या पायरीवर पडलं की टवका उडालाच.

साग खातो वाळू

सागाच्या लाकडात सिलिका असते. वाळूचाही मुख्य घटक तोच. त्यामुळे साग कापायला गोड, पण धार बोथट करायला पटाईत. फणसाचे ढलपे हळदीसारखे पिवळे निघतात आणि वस्तू जुनी होईल तसा रंग तांबूस होत जातो. वीणा आणि मृदंगाला हेच लाकूड वापरतात, आणि बौद्ध भिक्खूंच्या चीवराचा रंगही त्याच्याच गाभ्यातून काढला जाई. माडाचं खोड आणखी निराळं: बाहेर कठीण, आत भुसभुशीत. आजोबांच्या पाटावर पहिला हात चालवू नका. आंब्याची स्वस्त फळी आणा आणि तिच्यावर गिरवा.

आपली पंचायतन पूजा

तीस बिटांच्या पेटीतली वीस-बावीस आयुष्यात तोंडही दाखवत नाहीत. सुरुवातीला एवढी पाच पुरे:

१. *सरळ बिट* (१० किंवा १२ मिलिमीटर). कपाटाच्या फळीला खाच पाडायला. प्लायवुड लिहिलेल्या जाडीपेक्षा अनेकदा थोडं पातळच भरतं, म्हणून जरा अरुंद बिट घ्या आणि दोन हात मारून हवी तेवढी रुंदी साधा.

२. *फ्लश ट्रिम*. टोकाला बेअरिंग असलेलं सरळ बिट. बेअरिंग खालच्या फळीला टेकून फिरतं आणि वरचं जास्तीचं तेवढंच कापलं जातं. एक घोटीव साचा केला की त्याबरहुकूम दहा फळ्या निघतात.

३. *राउंडओव्हर* (६ मिलिमीटर त्रिज्येचं). कडेला गोला मारायला. पाटावर बसणाऱ्याचे पाय याला दुवा देतात.

४. *चॅम्फर* (४५ अंशांचं). तिरकी कड काढायला. नवशिक्याची सगळ्यात कमी अब्रू घालवणारं बिट हेच.

५. *रॅबेट*. कडेला पायरी पाडायला. तसबिरीची काच, आरसा, कपाटाची पाठ या पायरीवर बसते.

सुटी पाच चांगली बिटं पेटीतल्या तीस सुमार बिटांपेक्षा कधीही बरी. डव्हटेलचा, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारख्या सांध्याच्या बिटाचा, मोह तूर्त आवरा. त्याच्याबरोबर साचाही लागतो आणि भरपूर संयमही.

सनमायका आणि अभ्रकाची गोष्ट

१९१२ च्या सुमारास अमेरिकेत डॅनियल ओकॉनर आणि हर्बर्ट फेबर यांनी विजेच्या उपकरणांसाठी अभ्रकाऐवजी चालेल असा थरांचा पत्रा तयार केला. अभ्रक म्हणजे मायका, म्हणून ‘फॉर मायका’, म्हणजेच फॉर्मायका! आपल्याकडे सनमायका या ब्रँडचं नाव साऱ्या लॅमिनेटला चिकटलं. हा पत्रा फळीपेक्षा थोडा मोठा कापून चिकटवतात आणि बाहेर आलेली कड फ्लश ट्रिम बिटाने साफ करतात. घरोघरी मॉड्युलर किचन करणाऱ्या कारागिराच्या हातात छोटा राउटर, म्हणजे ट्रिमर, दिसतो, तो मुख्यतः याच कामासाठी.

वंदे भारतच्या पुढे

पन्नास मिलिमीटर रुंदीचं बिट मिनिटाला २४,००० फेरे घेतं तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे २२६ किलोमीटर होतो. वंदे भारतला रुळांवर परवानगी मिळते ती जास्तीत जास्त १६० ची, आणि कोकण रेल्वेवर तेवढीही नाही. तेच बिट १६,००० फेऱ्यांवर आणलं की वेग दीडशेवर उतरतो.

ठोकताळा असा: इंचभर रुंदीपर्यंत २४,००० चालेल, दोन इंचांच्या आसपास १६ ते १८ हजार, तीन इंचांच्या पुढे १२,००० किंवा कमी. बिटावर कमाल फेरे छापलेले असतील तर शब्द त्यांचाच अखेरचा. साधे ट्रिमर ३०,००० च्या आसपास एकाच वेगाने फिरतात. त्यात रुंद बिट लावायचा विचार स्वप्नातही नको.

देवळात भेटलेलं बिट

कड सजवण्याच्या बिटांमध्ये ‘ओजी’ नावाचं एक आहे, इंग्रजी एस अक्षरासारखी वळणदार कड काढणारं. परदेशी वाटतं ना? आपल्या मंदिरस्थापत्यात जोत्याच्या थरांना नावं आहेत. कमळाच्या पाकळीसारखी वळणारी ती पद्म, गोल गरगरीत तो कुमुद. ओजीची कड पद्माच्या जवळची आणि गोल्याची कुमुदाच्या. पाथरवटाने छिन्नीने महिनोन् महिने काढलेली वळणं आता मिनिटात निघतात. चौरंग करायचा तर सहावं बिट म्हणून ओजी जरूर घ्या.

उलटी प्रदक्षिणा

वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. राउटर हातात धरून पाटाच्या बाहेरच्या कडेने जायचं ते मात्र उलट्या प्रदक्षिणेने. चौकटीच्या आतल्या कडेने सुलट्या. असं केलं की बिट लाकडाला अडून नीट कापतं. दिशा चुकली तर ते लाकडावर चढतं आणि मशीन हातातून पळू पाहतं.

चारही बाजू करायच्या असतील तर आधी लाकडाच्या रेषा तोडून जाणाऱ्या आखूड बाजू, मग रेषांच्या दिशेच्या लांब बाजू. कोपऱ्यावर निघालेला टवका शेवटच्या हातात आपोआप साफ होतो.

काळा डाग कोणाचा?

कडेवर करपलेला पट्टा दिसला की नवशिक्या लाकडाला दोष देतो. खरा चोर बहुधा तीनपैकी एक: बोथट धार, फार जास्त वेग किंवा एका जागी रेंगाळलेला हात. चौथाही आहे. धारेवर चिकाचं किटण साचतं आणि चांगलं बिट बोथट भासतं. कोमट साबणाचं पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश, एवढा उपचार पुष्कळदा पुरतो. लगेच पुसून मात्र ठेवा. कार्बाइड गंजत नाही, पण दांडा आणि बेअरिंग खाऱ्या वाऱ्यात हां हां म्हणता तांबडी होतात.

श्रावणातला ड्रॉवर

कोकणात मे महिन्यात सुळकन सरकणारा ड्रॉवर श्रावणात रुसून बसतो. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून उन्हाळ्यात दाराच्या चौकटीत अखंड लाकडाची फळी बसवताना खाच थोडी खोल पाडा आणि फळी गोंदाने चिकटवू नका. तिला पावसाळ्यात पसरायला जागा लागते, जशी गणपतीत भरलेल्या घराला ओटी-पडवी लागते.

एका घासात घळ नाही

सहा-आठ मिलिमीटर खोलीची खाच एका दमात काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. मोटर रडते, बिट थरथरतं, कड फाटते. दर फेरीला तीनेक मिलिमीटर आणि बिटाच्या निम्म्या रुंदीपेक्षा कधीच जास्त नाही, एवढं पाळा. बामणघळीत येणारी लाट दर वेळी किती खडक नेते, ते डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. घळ मात्र दिसते.

आणि उरलेले हात?

दशभुज गणपतीचे पाच हात पाच बिटांनी भरले. सहाव्यात चष्मा, कारण ढलपा डोळ्यातच उडतो. सातव्यात मास्क, कारण लाकडाच्या भुशाची गणना कर्करोग आणणाऱ्या गोष्टींत झालेली आहे. आठव्यात फळी घट्ट धरणारा शिकंजा. नवव्यात भिंतीतून काढलेला प्लग, कारण बिट बदलताना तो तिथे असताच कामा नये. दहाव्यात फुकट गेलेल्या फळीचा तुकडा, पहिला काप त्याच्यावर घ्यायला. आपले हात दोनच, तेव्हा हे सगळं एकेक करून करावं लागेल. मोदक सोंडेकडे सोपवा.