लष्कराच्या भाकऱ्या

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाची तयारी चालली होती. पाटावर लक्ष्मीचा फोटो, नवी केरसुणी, इंडियन स्टोअरमधून आणलेल्या लाह्या-बत्तासे असं सगळं मांडून झालं आणि निखिलनं तळघरातून एक छोटा काळा डबा आणून पाटाशेजारी ठेवला. पोळपाटापेक्षाही लहान, मागे दोन वायरी, पुढे एक मिणमिणता हिरवा दिवा.

"हे काय आता?" मी विचारलं.

"वही," तो म्हणाला. "तुझे आजोबा वहीपूजन करायचे ना? ही आपली वही."

आजोबांचं कराडला किराणा दुकान होतं. लाल कापडाची चोपडी, पहिल्या पानावर 'श्री', त्यावर हळदकुंकू. ती चोपडी फक्त आजोबांच्या हाती असायची. त्यांनी लिहिलं ते खरं, उधारीवाल्यानं विश्वास ठेवायचा. निखिलच्या डब्यात बिटकॉइनची खातेवही होती. ३ जानेवारी २००९ ला तिचं पहिलं पान लिहिलं गेलं, तेव्हापासूनचा प्रत्येक व्यवहार तिच्यात आहे. सहाशे जीबीहून जास्त जागा घेते. गंमत म्हणजे ती एका दुकानदाराकडे नाही. जगभर हजारो लोकांच्या घरी तिची तीच प्रत आहे. अशी प्रत ठेवून तपासणाऱ्या यंत्राला 'फुल नोड' म्हणतात.

व्हिडिओ कॉलवर आईनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नेमका प्रश्न विचारला, "निखिलराव, मग याचे महिन्याला किती मिळतात?"

"काहीच नाही, आई."

"म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या!"

आम्ही हसलो, पण तो शब्द माझ्या मनात अडकून राहिला. का, ते पुढे सांगते.

आधी हा डबा करतो काय, ते सांगते. सहा वर्षं शिक्षिका होते, फळ्याची सवय जात नाही. साधारण दर दहा मिनिटांनी या वहीला एक नवं पान जोडलं जातं. ते पान जोडण्यासाठी 'मायनर' मंडळी प्रचंड वीज खर्चून स्पर्धा करतात. जिंकणाऱ्याला नवी कोरी नाणी मिळतात. सुरुवातीला एका पानाला ५० मिळत, दर चार वर्षांच्या आसपास ती निम्मी होतात, एप्रिल २०२४ पासून ३.१२५ मिळतात. शिवाय व्यवहारांवरचं शुल्क. नोड मात्र आलेलं प्रत्येक पान तपासतो. सही खरी आहे का? तेच नाणं दोनदा खर्च केलंय का? मायनरनं नियमापेक्षा जास्त बक्षीस तर घेतलं नाही ना? चूक दिसली की पान नाकारतो. म्हणजे पेपर लिहिणाऱ्याला बक्षीस आणि पेपर तपासणाऱ्याला शून्य! माझ्यातल्या शिक्षिकेला हे पटेना.

त्यात मार्चमध्ये इंटरनेटचं बिल फुगून आलं. नव्यानं सामील होणाऱ्या यंत्रांना आमचा डबा जुनी पानं पुरवत होता आणि कंपनीनं घातलेली महिन्याची मर्यादा ओलांडली गेली होती. मी चिडले. "निदान एवढे तरी पैसे त्या नेटवर्कनं द्यायला नकोत का?"

निखिलनं मलाच विचारलं, "आपल्या आधीच्या गावातल्या मंडळाचं काय झालं होतं, आठवतं?"

आठवत होतं. तिथे कार्यक्रमाला मदत करणाऱ्यांना गिफ्ट कार्ड द्यायचं ठरलं. पुढच्या गणपतीला यादीत नावं दुप्पट झाली, पण खुर्च्या उचलायला चेहरे तेच. एकाच घरातून पाच नावं, त्यातलं एक बाळ तर रांगतही नव्हतं.

नोडची अडचण तंतोतंत हीच आहे. नोडमागे पैसे द्यायला लागलं, तर एकच माणूस एका संगणकावर हजार नोड असल्याचं सोंग आणू शकतो. खरे किती, खोटे किती, दुरून ओळखता येत नाही. जॉन डूसर या संशोधकानं २००२ मध्ये यावर निबंध लिहिला आणि त्याला 'सिबिल हल्ला' हे नाव रूढ झालं. मायनरला असं सोंग आणता येत नाही, कारण वीज खरीच जाळावी लागते.

यावर काहींनी अनामत रकमेची वाट काढली. डॅश नावाच्या चलनात मास्टरनोड चालवणाऱ्याला बक्षिसातला वाटा मिळतो, पण त्यासाठी १,००० डॅश अडकवून ठेवावे लागतात. इथेरियमनं सप्टेंबर २०२२ मध्ये पद्धत बदलली. तिथे किमान ३२ इथर गुंतवणाऱ्याला मोबदला मिळतो, नुसती वही सांभाळणाऱ्याला नाही. म्हणजे बक्षीस आलं, पण ज्याच्या गाठीला आधीच पैसा आहे त्याच्याच घरी.

बिटकॉइनवाल्यांनी दुसरंच केलं. बक्षीस देण्याऐवजी ओझं कमी केलं. २०१५ पासून नोडला सगळं तपासून झाल्यावर जुनी पानं टाकून देता येतात. अपलोडवर मर्यादा घालता येते. निखिलनं तीच घातली आणि बिल जागेवर आलं.

"पण तुला यातून काय मिळतं?" मी शेवटी विचारलंच.

"माझा हिशोब मी स्वतः तपासतो. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबत नाही. एवढंच."

आता आईचा शब्द मनात का अडकला ते. मी एच-४ व्हिसावर आले, नोकरी सुटली. घर, मीराची शाळा आणि दर रविवारी मराठी शाळा. त्या वर्गासाठी शनिवारची दुपार तयारीत जायची, छपाई आणि पेट्रोल पदरचं. 'किती मिळतात?' हा प्रश्न मलाही विचारला जातो. मार्चमध्ये मी शाळा सोडायची, असं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

सोडली नाही. मीरा आजीशी फोनवर मराठीत भांडते, हा माझा हिशोब आणि तो मला स्वतःच तपासायचा आहे. पण विनामोबदला काम करणाऱ्यानं सगळा भारही मुकाट सोसावा, हे मला आता मान्य नाही. म्हणून शाळेच्या बैठकीत मी मानधन मागितलं नाही, ओझं कमी करा म्हटलं. छपाईचा खर्च मंडळ देणार, प्रत्येक वर्गाला दोन शिक्षक, महिन्यातून एक रविवार सुट्टी. तिन्ही गोष्टी मान्य झाल्या. घरीही बोलले. शनिवारचा स्वयंपाक आता निखिलकडे असतो.

एक सांगते, बिटकॉइन घ्या असं मी कुणालाच सुचवत नाही. त्याचे भाव चढतात तसेच कोसळतात आणि आमच्या डब्यात नाणी नाहीत, नुसती वही आहे.

यंदाही तो डबा पाटाशेजारी असेल. हळदकुंकू वाहीन. शेजारी मराठी शाळेचं हजेरीपुस्तकही ठेवणार आहे. आईला आधीच कळवलंय. ती म्हणाली, "ठेव बाई. भाकऱ्या भाजतेसच, तर निदान चटके तरी वाटून घ्या!"