हुर्राकाच्या बाटल्या : एप्रिलमधला एक दिवस

पहाटे ५.३०

एप्रिल महिन्यात गोव्यातल्या सत्तरीत उजाडायच्या आत काजूच्या बागेत पोचावं लागतं. रात्रीतून गळलेले पिकले बोंडू ऊन चढण्याआधी वेचले नाहीत तर खराब होतात. घरची माणसं टोपल्या घेऊन चढणीला लागतात. मी मागे थांबते, कारण बाटल्यांचं खातं माझ्याकडे आहे. पावणीत, म्हणजे काजूबागांच्या सरकारी लिलावात, झोन घेतला, अबकारी खात्याचा परवाना हातात आला, की मार्च ते मे आमची भट्टी पेटती असते. त्या भट्टीचा माल ज्या काचेत जातो, ती सगळी काच आधी कुणीतरी वापरलेली असते. चुलीवर पाण्याचा हंडा चढवायचा, त्यात धुण्याचा सोडा टाकायचा, हे माझं पहिलं काम.

सकाळी ६.३०

काल संध्याकाळी आलेली पोती उघडते. किनाऱ्यावरच्या बारमधून आणि भंगारवाल्याकडून आलेल्या बाटल्या : बियरच्या, व्हिस्कीच्या, वाइनच्या, सोड्याच्या. प्रत्येक बाटली आधी आभाळाकडे धरून पाहते, म्हणजे केसाएवढी चीरही दिसते. मग तोंडावरून ओलं फडकं फिरवते. कुठे कपचा उडाला असेल तर फडकं तिथे अडकतं. अशी बाटली बाजूला.

नंतर वास. बाटली नाकाशी धरायची आणि घाई करायची नाही. शिळ्या बियरचा आंबूस वास धुतल्यावर जातो. रॉकेल, फिनेल, झाडांवर फवारायचं औषध यांचा नुसता संशय आला तरी ती बाटली पुन्हा पोत्यात जाते, भंगाराकडे. सासूबाईंना आम्ही सगळे मांय म्हणतो. मांयने मला या घरात पहिली गोष्ट शिकवली ती हीच : वास कळला नाही तर बाटली घ्यायची नाही.

सकाळी ८.००

धुणं सुरू. थंड बाटली एकदम कढत पाण्यात घातली तर तडकते, म्हणून आधी कोमट पाणी, मग हंड्यातलं गरम. सोड्याच्या पाण्यात तासभर बुडाल्यावर लेबलाचा डिंक सुटतो. उरलेलं काथ्याने घासून काढते. लेबलाचा कपटाही राहू देत नाही. त्यावरचं नाव दुसऱ्याचं आहे, आतला माल आमचा आहे. जुन्या बाटल्या, जुनी लेबलं आणि जुनी झाकणं शाबूत ठेवूनच बनावट दारूचा धंदा चालतो. त्या वाटेला आमची बाटली जाऊ नये.

आतून घासायला लांब दांड्याचा ब्रश आहे, पण तो खांद्याच्या वळणात पोचत नाही. तिथे मूठभर तांदळाच्या कण्या आणि थोडं पाणी घालून जोरात हलवायचं. कण्या कोपऱ्यातला थर खरवडून काढतात. मग स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा विसळायचं, बोटाला निसरडं लागायचं थांबेपर्यंत. शेवटी बांबूच्या मांडणीवर तोंड खाली करून उन्हात. आत थेंबभर पाणी राहिलं तरी कोंदट वास धरतो.

सकाळी १०.३०

बागेतून टोपल्या येतात. बिया पिळून वेगळ्या काढायच्या, बोंडू कोळंबीत, म्हणजे दगडातल्या खळग्यात, घालून पायांनी तुडवायचे. उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने आवळून त्यावर दगड ठेवला की नितळ निरो, म्हणजे ताजा रस, झिरपतो. हा निरो प्यायला लोक वाटेत थांबतात आणि घरच्यांसाठी बाटलीभर मागतात.

इथे मी फार कडक आहे. निरोच्या बाटलीला बूच नाही, फक्त फडक्याचा बोळा, आणि आजच्या आज संपवायचा. रसात साखर भरपूर, हवेतलं आणि फळावरचं यीस्ट आयतं. उन्हात रस लगेच आंबायला लागतो, वायू सुटतो. तोंड बंद असेल तर त्याला वाट नाही, आणि बाटली फुटते. बियरची बाटली वायूचा दाब सोसण्यासाठीच जाड केलेली असते, पण किती रस किती आंबेल याचा हिशेब घरात कुणाला ठेवता येणार? काचेचा तुकडा डोळ्यात जायला एक क्षण पुरतो.

दुपारी १२.३०

तीन दिवस आंबवलेला रस तांब्याच्या भाणात, म्हणजे भट्टीच्या हंड्यात, आहे. खाली लाकडाची आंच मंद ठेवायची. वाफ नळीतून लवणीत, म्हणजे धार जमा होणाऱ्या भांड्यात, जाते, लवणीवर थंड पाणी ओतत राहायचं. पहिल्या धारेचा तो हुर्राक, साधारण १५ टक्क्यांचा. हुर्राक पुन्हा आंबलेल्या रसात मिसळून गाळला की फेणी, ४२.८ टक्के.

दुपारी ३.००

पांढऱ्या काचेची एक बाटली मी नेहमी वेगळी ठेवते. ती अर्धी भरून दीर जोरात हलवतात आणि उजेडाकडे धरतात. काचेच्या कडेने मणी उठतात. मणी बारीक, एकसारखे आणि थोडा वेळ टिकणारे असले की मान हलते. ग्राव, म्हणजे दारूची तीव्रता, मोजायची काचेची नळी घरात आहे, पण आधी मणी बघायचे आणि मग नळी बुडवायची. गढूळ बाटलीत मणी दिसतच नाहीत.

दुपारी ४.३०

माल निवल्याशिवाय भरत नाही. नरसाळ्यावर मलमलचं फडकं, आणि गळ्यापाशी दोन बोटं जागा मोकळी, कारण उष्म्याने दारू फुगते. बियरचं पत्र्याचं झाकण एकदा उघडलं की परत बसत नाही, तिथे नवं बूच ठोकते. व्हिस्कीचं फिरकीचं झाकण बसतं, पण त्याच्या आतल्या चकतीत जुना वास मुरलेला असतो, म्हणून तेही नवंच. वर चिठ्ठी : हुर्राक की फेणी, आणि तारीख.

फेणीचा मोठा वाटा गराफांवात जातो. वेताने विणलेली ही पोटाळ काचेची भांडी आजेसासऱ्यांच्या वेळची आहेत. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोव्याने तिला वारसा पेय म्हटलं. तो मान राखायचा तर फेणी वास येणाऱ्या बाटलीत भरून कसं चालेल?

संध्याकाळी ६.३०

गिऱ्हाईक येतं. बरेच जण पाण्याची प्लॅस्टिकची बाटली पुढे करतात. "वहिनी, ह्यातच घाला, घरापर्यंत तर न्यायचंय."

"घरापर्यंत न्याल आणि मग महिनाभर त्यातच ठेवाल. काचेची घ्या, रिकामी परत आणा, बाटलीचे पैसे परत देते."

काही कुरकुरतात, पण पुढच्या खेपेला धुतलेल्या बाटल्या घेऊन येतात. वाळू दीड हजार अंशांच्या आसपास वितळवून काच बनते. एवढी आग खाल्लेली वस्तू एकदा पिऊन गटारात फेकायची, हे मला पटत नाही. बाटली पुन्हा वापरायची तर दिवसाचे चार तास तिला द्यावे लागतात, आणि ते देता येत नसतील तर नवी विकत घ्यावी. अर्धवट धुतलेली बाटली मात्र भरू नये. बागेत, कोळंबीत आणि आगीपुढे राबलेल्या सगळ्यांची मेहनत त्यात वाया जाते.