कोरडी सुई आणि शोधणारे बोट

बालरोगतज्ज्ञ आणि सुई यांचे नाते तसे जुने, पण एकतर्फी. गेली पंचवीस वर्षे मी सुई टोचीत आलो आहे आणि ‘काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं होईल’ हे वाक्यही तितकीच वर्षे उच्चारीत आलो आहे. ते कितपत खरे आहे याची शहानिशा करण्याचा योग मात्र वयाच्या चोपन्नाव्या वर्षी आला. निमित्त झाले माझ्या उजव्या खांद्याचे.

मानेतून निघालेली कळ कानामागून वर चढे आणि कानशिलात ठाण मांडून बसे. आपण डॉक्टर मंडळी इतरांना जे करू नका म्हणून सांगतो, ते सारे मी केले. वेदनाशामक गोळ्या स्वतःच घेतल्या, चष्म्याचा नंबर तपासून घेतला आणि शेवटी मानेचा एमआरआयही काढला. त्यात वयोमानानुसार झालेल्या झिजेपलीकडे काही नव्हते. नवजात अर्भकांवर तासन् तास वाकणे आणि फोन मान व खांद्यात दाबून चिठ्ठी लिहिणे, या सवयींकडे मात्र माझे लक्षच गेले नाही.

अखेर आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या फिजिओथेरपिस्ट कन्येकडे गेलो. तिने एमआरआयचे पाकीट बाजूला ठेवले, खांद्यावरचा ट्रॅपिझियस स्नायू अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरून चाचपला आणि एका ताठरलेल्या पट्ट्यावर थांबून दाबले. ‘काका, हीच ना तुमची डोकेदुखी?’ दाबले होते खांद्यावर, पण ठणका उठला कानशिलात! इतक्या महिन्यांत हे ठिकाण कोणी दाबून पाहिले नव्हते. मी स्वतःही नाही.

वेदना एका जागी उगम पावते आणि जाणवते दुसरीकडेच, हे तत्त्व वैद्यकाला नवे नाही. लंडनमध्ये जॉन केल्ग्रेन यांनी १९३८ साली स्नायूंत मिठाचे तीव्र द्रावण टोचून उमटणाऱ्या वेदनेचे नकाशे काढले. अमेरिकेत डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी अशा दुखऱ्या गाठींवर आयुष्यभर काम केले. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैयक्तिक चिकित्सक झालेल्या या बाईंनी डेव्हिड सायमन्स यांच्यासह लिहिलेला ‘ट्रिगर पॉइंट’वरील ग्रंथ १९८३ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी या गाठींत प्रामुख्याने भूल देणारे औषध टोचले जाई. मग चेकोस्लोव्हाकियाच्या कारेल लेविट यांनी १९७९ मध्ये २४१ रुग्णांचा अनुभव मांडला. औषध नसतानाही नुसती सुई नेमक्या जागी लागली, तर सुमारे ८७ टक्के वेळा तत्काळ आराम पडतो, असे त्यांना आढळले. औषधाविना म्हणून ही ‘कोरडी’ सुई, म्हणजेच ड्राय नीडलिंग. सुई अ‍ॅक्युपंक्चरचीच असते, मात्र ती रेखावाहिन्यांच्या कल्पनेवर नव्हे, तर स्नायूच्या शरीररचनेवर आधारून टोचतात.

पाव मिलिमीटर जाडीची, निर्जंतुक, एकदाच वापरायची सुई माझ्या स्नायूत शिरली, तेव्हा कातडीला खरोखरच फारसे काही जाणवले नाही. पण ती गाठीला लागताच स्नायू आपसूक उडाला आणि पोटरीत गोळा यावा तशी कळ आली. मुंगी ती नक्कीच नव्हती! दोन दिवस खांदा ठसठसला आणि मग कित्येक महिन्यांनी मान मोकळी वळली. त्या आनंदाच्या भरात भेटेल त्याला मी या उपचाराचे गुणगान ऐकवू लागलो.

येथेच सावध व्हायला हवे. एकाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. लेविट यांच्या पाहणीतही तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २००१ साली कमिंग्ज आणि व्हाइट यांनी २३ चाचण्यांचा आढावा घेतला. गाठीत काय टोचले यावर परिणाम अवलंबून नसतो, असे त्यांना दिसले. पण सुईचा परिणाम नुसत्या विश्वासाच्या परिणामापेक्षा अधिक आहे, हे त्या पुराव्यावरून सिद्ध करता आले नाही. २०१७ च्या एका आढाव्यात, काही न करण्यापेक्षा किंवा खोट्या सुईपेक्षा पहिल्या बारा आठवड्यांत वेदना कमी होत असल्याचे दिसले. पण पुराव्याचा दर्जा अतिशय कमी ते मध्यम असाच होता. गाठीभोवतीच्या द्रवात वेदना वाढवणारी रसायने अधिक असल्याचे जय शाह आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले. उलट या गाठींच्या सिद्धांतावरच क्विंटनर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये गंभीर आक्षेप घेतले. सारांश, सुई काही आठवड्यांची उसंत मिळवून देऊ शकते. तिच्याकडून अधिक काही मागू नये.

हे मला पुस्तकाआधी खांद्याने शिकवले. सांगितलेले व्यायाम मी आठवडाभर केले आणि सोडून दिले. दीड महिन्यात कळ परतली. पुन्हा गेलो तेव्हा ती म्हणाली, ‘काका, सुईने दार उघडलं होतं. आत चालत जायचं काम तुमचं होतं.’ या वेळी सुईबरोबर तपासण्याच्या टेबलाची उंची बदलली, फोन हातात धरू लागलो आणि रोजची दहा मिनिटे पाळली. आज बरे वाटण्याचे श्रेय कोणाला किती, हे मी सांगू शकत नाही. मात्र ते सगळे सुईला देणे बरोबर होणार नाही.

धोक्यांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. आयर्लंडमधील ३९ फिजिओथेरपिस्टांनी ७,६२९ उपचारसत्रांची नोंद ठेवली आणि ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. काळेनिळे पडणे, किंचित रक्त येणे, दुखणे अशा किरकोळ तक्रारी सुमारे १९ टक्के वेळा झाल्या. गंभीर इजा एकही नव्हती. तरीही मान, खांदा आणि छातीच्या भागात सुई फुप्फुसाच्या आवरणापर्यंत पोहोचू शकते, आणि तसे घडल्याच्या नोंदी आहेत. उपचारानंतर काही तासांनीही दम लागला किंवा छातीत दुखले तर त्वरित रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी औषधे, रक्तस्रावाचे विकार किंवा गर्भारपण असल्यास आधीच सांगावे. आणि जे हात सुई धरणार, त्यांचे प्रशिक्षण कोठे झाले हे विचारण्यात संकोच मुळीच नको.

माझ्या गुणगानाचा एक परिणाम मात्र मला अस्वस्थ करून गेला. परिचयातल्या एक बाई तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. ‘डॉक्टर, याचा गुडघा दोन महिने दुखतोय. तुम्ही घेतलीत ती सुई यालाही चालेल का?’ मुलगा अंगाने स्थूल होता. गुडघा दाबून पाहिला, तर तेथे काहीच नव्हते. त्याला चालायला लावले, तेव्हा तो लंगडत होता आणि पाऊल बाहेर वळत होते. मांडी आतल्या बाजूस फिरवताच तो कळवळला. एक्स-रेमध्ये दिसले, ते गुडघ्यात नव्हे तर खुब्यात. वाढीच्या जागेवरून मांडीच्या हाडाचे टोक घसरले होते. त्याच दिवशी त्याला अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले. स्क्रू बसवून ते टोक स्थिर करण्यात आले. त्या दोन महिन्यांत मांडीच्या स्नायूत कोणी सुया टोचल्या असत्या, तर कदाचित दोन दिवस बरेही वाटले असते. तेच खरे भय आहे.

माझी डोकेदुखी खांद्यात होती, त्याची गुडघेदुखी खुब्यात. दोघांनाही उपयोगी पडले ते शोधणारे बोट. सुई पुढची गोष्ट. मुलांच्या बाबतीत तर हा क्रम कधीच उलटू नये. लंगडणे, रात्री झोपमोड करणारी वेदना, ताप, वजन घटणे, सूज, एकाच जागचे सततचे दुखणे, यांपैकी काहीही असल्यास आधी निदान, मग उपचार.

आता मी कोणाला ड्राय नीडलिंग सुचवलेच, तर त्याचबरोबर त्याच्या मर्यादाही सांगतो. आणि लसीसाठी बाह्या वर केलेल्या चिमुकल्यांना मुंगीची गोष्ट सांगणे मी सोडून दिले आहे. ‘दुखेल, पण थोडाच वेळ. मी सांगूनच टोचेन,’ असे म्हणतो. रडतात ती तेवढीच. पण पुढच्या खेपेला माझ्याकडे थोड्या अधिक विश्वासाने पाहतात.