आडनाव काय रे तुझं?

दीपनगरच्या वीज केंद्रापुढच्या महामार्गावर गाडी अडवली, की आधी लायसन, मग पीयूसी. इथवर सगळे सारखे. पुढचा प्रश्न माणूस बघून येतो. परवा मला विचारलं, "कुठे निघालात?" मागच्या, कानात बाळी घातलेल्या पोराला मात्र, "कोणत्या गावचा रे? आडनाव काय?" त्याची पिशवी रस्त्यावर ओतायला लावली. निघालं मक्याचं बियाणं. ते वेचून भरेपर्यंत राखेचे दोन टँकर गेले, कुणीही न अडवता.

अमेरिकेतल्या मिनेसोटात फिलांडो कास्टिल या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी किमान 46 वेळा असंच अडवलं होतं. 6 जुलै 2016 ला जवळ परवान्याचं पिस्तूल आहे, हे त्याने स्वतःहून सांगितलं आणि काही सेकंदांत एका पोलिसाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तो पोलीस पुढच्या वर्षी निर्दोष सुटला. आपल्याकडे कातडीचा रंग बघावा लागत नाही, आडनावावर काम भागतं. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. 1952 मध्ये तो रद्द झाला, जमाती 'विमुक्त' झाल्या. संशय तेवढा विमुक्त झाला नाही.

धुळ्यात 6 जानेवारी 2013 ला हॉटेलच्या बिलावरून भांडण पेटलं, दंगल झाली. पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले, सहाही मुस्लिम. मोबाइलच्या चित्रफितींत तोडफोड, लूट करताना पोलीसही दिसले, तेव्हा कुठे काहींना अटक झाली.

परभणीचा सोमनाथ सूर्यवंशी वडार समाजातला, वकिलीचा विद्यार्थी. डिसेंबर 2024 मध्ये शहरात झालेल्या बंदनंतर पोलिसांनी त्याला उचललं आणि 15 तारखेला कोठडीत त्याचा जीव गेला. मारहाण झालीच नाही, असं विधानसभेत सांगण्यात आलं. शवविच्छेदन अहवालात मात्र अनेक जखमा होत्या, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला. तरी साधा गुन्हा नोंदवायला जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, हे विशेष! तिथे ते हरलं.

पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण 18 महिने, निदान वर्षभर तरी जपावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2020 चा आदेश आहे. तेव्हा ओळखीतल्या कुणाला ठाण्यात नेलं, तर तारीख-वेळ टिपून ठेवा, चित्रण जपण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या, आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका.