मांडवातला बिनफेट्याचा पाहुणा
येशूचे दृष्टान्त : लेखांक ६

लग्नसराईत कामशेतच्या एखाद्या मंगल कार्यालयात शिरलात, की दाराशीच फेटेवाला गाठतो. आठ-नऊ मीटरचं कापड, एक टोक तुमच्या हातात, भराभर वळसे, वर तुरा, मागे शेमला, आणि "पुढचे कोण?" पुण्याहून लोकलने आलेला जीन्सवाला भाचा आणि नाणे मावळातला शेतकरी मामा एका रंगात दिसू लागतात. फेटा यजमानाचा, पाहुण्याने फक्त डोकं पुढे करायचं. तरी "नको" म्हणणारा एखादा निघतोच, आणि भावकी ते वर्षभर विसरत नाही.

हे मनात ठेवून मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २२वा अध्याय वाचावा. राजाच्या मुलाचं लग्न, मानाचे पाहुणे आलेच नाहीत. मग राजा चाकरांना रस्त्यावर पाठवतो : दिसेल त्याला आणा, बरा असो की वाईट. मांडव भरतो. राजा बघायला येतो, तर एकाच्या अंगावर लग्नाचा पोशाख नाही. राजा त्याला "मित्रा" म्हणून कारण विचारतो, आणि हातपाय बांधून बाहेरच्या अंधारात टाकायला सांगतो.

वाचणारा इथे अडतोच. वाटेवरून उचललेला माणूस लग्नाचे कपडे आणणार कुठून? त्यावर जुनं उत्तर असं, की पोशाख राजानेच दिला असणार. त्या काळी पॅलेस्टाइनमध्ये असा रिवाज होता याचा ठोस पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही. पण मला पुराव्यापेक्षा कथेतलाच एक तपशील बोलका वाटतो : विचारल्यावर तो माणूस गप्प राहतो. गरिबी हे कारण असतं तर तेवढं सांगायला तोंड होतं. लूकने १४व्या अध्यायात अशीच मेजवानीची कथा दिली आहे. तिच्यात पोशाखाचा हा प्रसंगच नाही.

हा पोशाख म्हणजे नेमकं काय, यावर शतकानुशतकं वाद झाले. संत ऑगस्टीनने त्यात प्रीती पाहिली. प्रॉटेस्टंट परंपरेत ख्रिस्ताची नीतिमत्ता, ती विश्वासाने पांघरायची, असा अर्थ रुळला. दोन्हींत पोशाख कमाईचा नाही, मिळालेला आहे.

उधळ्या पुत्राच्या कथेतही (लूक १५) तेच. "मला मजुरासारखं ठेवा" हे वाक्य पोरगा वाटभर घोकत आलेला, पण बाप ते पुरं होऊच देत नाही. उत्तम झगा, अंगठी, पायात जोडे! गुलाम अनवाणी असत. जोडे घातले की घरचा मुलगा ठरला. आधी आंघोळ कर, असंही कुणी म्हणत नाही.

याच्या उलट लूकच्या १६व्या अध्यायातला श्रीमंत. त्याचं जांभळं वस्त्र पैशाच्या जोरावरचं. हा रंग समुद्री गोगलगायींपासून निघे. १९०९ साली पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १२ हजार गोगलगायी वापरल्या, तेव्हा हाती जेमतेम १.४ ग्रॅम शुद्ध रंग लागला. एवढं महाग कापड रोज अंगावर आणि दाराशी फोडांनी भरलेला लाजर. येशूने नाव मात्र लाजरला दिलं. श्रीमंत बिननावाचाच राहिला.

जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचं ठिगळ लावू नये, हा दृष्टान्त मुद्दाम मागे ठेवला आहे. कोरं कापड धुतल्यावर आटतं आणि जुनं आणखी फाटतं, एवढीच गोष्ट. पण १९१७ साली मिशनची नोकरी सोडून संन्यास घेणाऱ्या रेव्हरंड ना. वा. टिळकांना वगळून मराठीत ती सांगता येणार नाही. ते पुढच्या आठवड्यात.